प्रतिकारशक्ती वाढवण्याआधी तोंड उघडून पाहा

रायपूरच्या सदर बाजारात लग्नसराईला पाय ठेवायला जागा नसते. दोन्ही बाजूंना सराफांच्या पेढ्या, मधून कशीबशी वाट काढणाऱ्या दुचाक्या आणि काउंटरवर छोटे आरसे. नथ लावून बाई आरशात पाहते, हसायला जाते आणि अर्ध्यावरच ओठ मिटून घेते. हिरड्या लालभडक, पुढच्या दातांच्या मुळाशी पिवळं कीटण, दोन दातांमध्ये पूर्वी नसलेली फट. काउंटरपलीकडे बसलेल्याच्या गालात सुपारी असते. आतल्या खोलीत टाका लावणाऱ्या कारागिराने सकाळी दातांना तंबाखूचा गुडाखू घासलेला असतो. जवळच्या तात्यापाऱ्यातल्या एखाद्या जुन्या मराठी घरात आजीच्या उशाशी मशेरीची डबी असते. या सगळ्यांना विचारलं, की तोंडाचं काय बिनसलंय, तर उत्तर बहुधा एकच मिळतं: अंगात प्रतिकारशक्ती राहिली नाही, काहीतरी टॉनिक घ्यायला हवं.

2020 च्या साथीनंतर तर ‘इम्युनिटी’ घराघरात पोचली. काढे झाले, गुळवेल झाली, झिंकच्या गोळ्या झाल्या. हिरड्यांतून रक्त आलं तरी तेच, तोंड आलं तरी तेच. मला मात्र हे साफ चुकीच्या दिशेने जाणं वाटतं. तोंडाच्या बहुतेक जुनाट आजारांत प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. ती कामाला लागलेली असते, पण कधी गरजेपेक्षा जास्त काळ, कधी आपल्याच पेशींविरुद्ध. अशा वेळी ती ‘वाढवून’ काय साधणार? ती कशावर चिडली आहे ते शोधायचं आणि ते कारण काढून टाकायचं, हाच उपाय. तो कसा करायचा, ते एकेका आजाराप्रमाणे पाहू.

हिरड्या आणि ‘पायोरिया’

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. निरोगी तोंडात ती दोन-तीन मिलिमीटरहून खोल नसते. दिवसभरात दातांवर जिवाणूंचा चिकट थर बसतो. संध्याकाळी दातांवरून जीभ फिरवली तर जो बुळबुळीतपणा लागतो, तोच हा थर. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रात्रंदिवस या खाचेत उतरत असतात, अगदी स्वच्छ तोंडातही. थर रोज निघाला तर तेवढ्या बंदोबस्तावर भागतं. राहिला तर पेशींची गर्दी वाढते, रक्तवाहिन्या फुगतात, हिरडी मऊ होऊन ब्रशच्या स्पर्शानेही रक्त सुटतं.

हे किती चटकन होतं, ते दंतसंशोधक हॅराल्ड लो यांनी 1965 मध्ये दाखवून दिलं. त्यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं पूर्ण थांबवायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे हिरडीतून रक्त येतं म्हणून ब्रश बंद करणं हा उलटा उपाय आहे. जिथे रक्त येतं तिथेच जास्त हळुवारपणे आणि जास्त नेमाने घासायला हवं.

सूज वर्षानुवर्षं राहिली तर मात्र गोष्ट हिरडीवर थांबत नाही. पांढऱ्या पेशींतून निघणारी विकरं दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू विरघळवतात. त्याच पेशींच्या संदेशांवरून हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि दाताभोवतीचं हाड खाली खाली जातं. दात हलायला लागतो तो यामुळे; यालाच लोक ‘पायोरिया’ म्हणतात. जिवाणू फक्त सुरुवात करून देतात, हाड विरघळवतात त्या आपल्याच शरीरातल्या पेशी. दातांच्या डॉक्टरांकडे यासाठी 20 मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिनची एक गोळी असते. ही मात्रा जिवाणू मारण्याइतकी नसतेच; ती आपल्या पेशींच्या त्या विकरांना आवर घालते. अमेरिकेत 1998 मध्ये तिला मान्यता मिळाली. अर्थात ती सफाईच्या जोडीला द्यायची, आणि तीही डॉक्टरांनीच. हिरडी सुजली की औषधाच्या दुकानातून मेट्रोनिडाझोलची पाकिटं आणण्याची जी सवय आहे, तिचा हिरड्यांना टिकाऊ फायदा होत नाही, कारण थर आणि कीटण जागच्या जागी राहतात.

मग सारखीच घाण असलेल्या दोन माणसांपैकी एकाचे दात पस्तिशीत का हलतात आणि दुसऱ्याचे सत्तरीतही का टिकतात? लो यांच्याच चमूने 1970 पासून 15 वर्षं श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या 480 मजुरांचा पाठपुरावा केला. या मजुरांना ब्रश माहीत नव्हता, दंतवैद्य भेटत नव्हता. सगळ्यांच्या दातांवर थर आणि कीटण होतं. तरीही 8 टक्के लोकांचे दात वेगाने सुटत गेले, 81 टक्क्यांचं नुकसान मध्यम गतीने झालं आणि 11 टक्क्यांचा आजार हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. घाण सारखी होती, तिला मिळणारं शरीराचं उत्तर वेगळं होतं. घरात आईवडिलांचे दात चाळिशीच्या आसपास पडले असतील तर मुलांनी पंचविशीपासूनच वर्षातून एकदा हिरड्या मोजून घ्याव्यात असं मी म्हणतो ते यामुळेच. ही मोजणी बोथट टोकाच्या खुणा असलेल्या सळीने होते, दोन मिनिटांचं काम असतं, फारसं दुखत नाही.

शरीराचं हे उत्तर बिघडवणाऱ्या गोष्टींत मधुमेह पहिला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी मधुमेही आहेत. रक्तातली साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, पण दाह मात्र वाढवतात, दोन्हीकडून नुकसान. उलट बाजूही आहे. हिरड्यांची खोल सफाई केल्यावर मधुमेह्यांची तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए1सी, सरासरी 0.4 टक्क्यांच्या आसपास उतरते. आणखी एखादी गोळी जोडून जेवढा फरक पडावा त्याच्या जवळपास जाणारा हा आकडा आहे. मधुमेहाच्या डॉक्टरांनी पायांसोबत तोंडही पाहायला हवं, आणि पाहत नसतील तर तुम्ही आठवण करून द्यायला हवी.

दुसरी गोष्ट तंबाखू. निकोटिनमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या माणसाच्या हिरडीतून रक्त कमी येतं. हिरडी फिकट, घट्ट दिसते. आत हाड झिजत चाललेलं असतं आणि बाहेर काहीच खूण नसते. “मी रोज गुडाखू घासतो, माझ्या हिरड्या बघा कशा टणक आहेत,” हे जे ऐकायला मिळतं, त्यात अभिमान बाळगावा असं काही नाही.

आता सफाईबद्दल. ‘स्केलिंग केलं की दात हलतात’ ही समजूत नागपूरपासून रायपूरपर्यंत सगळीकडे सापडते आणि तिने असंख्य दात घालवले असतील. प्रत्यक्षात घडतं ते असं: वर्षानुवर्षं साचलेलं कीटण दातांच्या फटी बुजवून बसलेलं असतं आणि सुजलेली हिरडी त्यावर चढलेली असते. कीटण निघालं, सूज उतरली, की आधीच गेलेल्या हाडाची जागा उघडी दिसते. फट आधीपासूनच होती, ती दिसली आता. थोडे दिवस गार पाणी झोंबतं, तेही कमी होतं. दात आधीच हलत असेल तर कीटण काढल्यावर हिरडीची पकड सुधारण्याची शक्यता असते. न काढता मात्र तो हमखास जातो.

घरी करायचं ते साधं आहे. मऊ ब्रश, तो दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर तिरका टेकवून जागच्या जागी बारीक हलवायचा, आडवा करवतीसारखा ओढायचा नाही. सकाळी आणि रात्री झोपताना, दोन-दोन मिनिटं. दोघांतलं एकच जमत असेल तर रात्रीचं. फटी पडल्या असतील तर त्यांत जाणारा छोटा ब्रश मिळतो, तो वापरा. टाचणी, सेफ्टीपिन, काडेपेटीची काडी नको. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन घेणाऱ्यांपैकी काहींच्या हिरड्या दातांवर वाढत येतात. तसं दिसलं तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून पर्याय विचारा.

तोंड येणं

गालाच्या आत, ओठाच्या मागे, जिभेच्या कडेला गोल पांढरट-पिवळा खड्डा आणि भोवती लाल कडा. आपल्याकडे त्याला ‘उष्णता झाली’ म्हणतात आणि जाईची पानं चघळतात, गुलकंद खातात, तूप लावतात. त्याने गार वाटतं, त्यात वाईट काही नाही. पण हा फोड जंतूने केलेला नसतो आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आपल्याच लिम्फोसाइट पेशी त्या जागच्या त्वचेवर तुटून पडतात. एक ते दोन आठवड्यांत तो आपोआप भरतो.

वारंवार येत असेल तर मात्र कारण शोधा. लोह, ब-12 आणि फोलिक अॅसिड या तिन्हींची रक्ततपासणी करा. शाकाहारी घरांत ब-12 ची कमतरता फार आढळते, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती आणखी वाढते. अंदाजाने बी-कॉम्प्लेक्स घेत राहण्यापेक्षा एकदा आकडा कळलेला बरा. सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली टूथपेस्ट काही महिने वापरून पाहा. काहींचे फोड तेवढ्याने कमी होतात. तोंडाबरोबर गुप्तांगावरही फोड, डोळे लाल, किंवा पोट सतत बिघडलेलं असं असेल तर आजार शरीरभर असू शकतो. तिथे फिजिशियन लागतो.

एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण तिच्यामुळे अनेकांचा निश्चय मोडतो. तंबाखू सोडली की काहींना पहिल्या काही आठवड्यांत तोंड येतं. तंबाखूने तोंडाची आतली त्वचा जाड झालेली असते, ती पूर्वपदावर येताना हे होतं. “खात होतो तेव्हा बरा होतो,” असं म्हणून माणूस पुन्हा पुडी फोडतो. पुडी फोडू नका, थोडी कळ सोसा, हे फोड जातात.

पांढरी जाळी आणि फुटणारे फोड

गालाच्या आतल्या बाजूला, बहुधा दोन्हीकडे, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक पांढऱ्या रेघा दिसल्या आणि तिखट खाताना आग होऊ लागली, तर तो लायकेन प्लॅनस असू शकतो. चाळिशीनंतरच्या बायकांमध्ये तो जास्त दिसतो. यात प्रतिकारपेशी त्वचेच्या तळाच्या थरावर हल्ला करतात. काही औषधांना किंवा दाढेत भरलेल्या चांदीलाही शरीर असंच उत्तर देतं. एकाच बाजूला, बरोबर त्या दाढेसमोर जाळी असेल तर तो संशय घ्यावा. लावण्याचं स्टिरॉइड मलम यावर चालतं. आजार पूर्ण जातोच असं नाही, पण आटोक्यात राहतो. शंभरात साधारण एकाला पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून आग थांबली तरी सहा महिन्यांनी दाखवत राहावं.

इथे ‘इम्युनिटी बूस्टर’ घेणं उलटू शकतं. मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली आणि वाद राहिला. पण प्रतिकारशक्ती आपल्यावरच उलटलेली असताना तिला डिवचणारं काही घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं, एवढं तर नक्की.

पेम्फिगस याहून गंभीर. यात शरीर त्वचेच्या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या प्रथिनाविरुद्धच प्रतिद्रव्यं बनवतं. पेशी सुटतात, फोड येतात आणि लगेच फुटतात. तोंडभर सोललेल्या जखमा राहतात, घास गिळवत नाही. अर्ध्याहून अधिक रुग्णांत सुरुवात तोंडात होते आणि अंगावरचे फोड काही महिन्यांनी येतात. त्या मधल्या काळात रुग्ण मलमं आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर फिरत राहतो. एकेकाळी हा आजार जीव घेई. आज स्टिरॉइड आणि रिटुक्सिमॅबमुळे तो आवरता येतो, अट एवढीच की निदान वेळेत व्हावं. महिनाभर तोंड सोललेलं असेल तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

सुपारी, गुडाखू, मशेरी

2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत छत्तीसगडमधले 39.1 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. त्यातही बहुतेक जण न ओढता, चघळून किंवा घासून. महाराष्ट्राचा आकडा 26.6 टक्के होता. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाची काळी लापशी. ती बोटाने दातांना, हिरड्यांना चोळतात आणि ‘त्याशिवाय पोट साफ होत नाही’ म्हणतात. आपल्या मशेरीबद्दलही हेच म्हटलं जातं. पोट हलतं ते निकोटिनने, आणि त्याची सवय लागते.

सुपारीचं प्रकरण वेगळं आहे आणि मला ते जास्त घातक वाटतं, कारण तिला कोणी व्यसन समजत नाही. सुपारीतल्या अॅरेकोलीनमुळे गालाच्या आत सतत दाह राहतो. दाहातल्या पेशी असे संदेश सोडतात, की तंतू बनत जातात आणि मोडले जात नाहीत. गाल आतून ताठ होतो, तिखट सोसवत नाही, तोंड उघडेनासं होतं. भारतात या आजाराचं वर्णन डॉ. एस. जी. जोशी यांनी 1953 मध्ये केलं. एर्नाकुलममधल्या 66 रुग्णांवर 17 वर्षं नजर ठेवली तेव्हा 7.6 टक्क्यांना कर्करोग झाला. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सुपारीला, तंबाखूशिवायच्या सुपारीलाही, कर्करोगकारक ठरवलं. तरी मुखवासाच्या तबकात ती आहे आणि मुलांच्या हातात मीठी सुपारीची पुडी आहे.

घरच्या घरी तपासणी अशी: स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घाला. मावत नसतील तर हा आजार असण्याची शक्यता आहे. ताठ झालेला गाल पूर्ण पहिल्यासारखा होत नाही; पण सुपारी आज बंद केली तर पुढचं नुकसान टळतं, आणि व्यायाम, इंजेक्शन, गरज पडल्यास शस्त्रक्रियेने तोंड थोडं उघडतं.

प्रतिकारशक्ती खरोखर कमी असते तेव्हा

असंही असतं, आणि ते ओळखता यायला हवं. जिभेवर, गालावर दह्यासारखे पांढरे डाग, पुसले की निघतात आणि खाली लाल दिसतं: ही बुरशी. दम्याचा पंप घेतल्यावर चूळ न भरणारे, कवळी रात्रीही न काढणारे, साखर बेफाम असलेले, एचआयव्हीबाधित आणि कर्करोगावर उपचार घेणारे यांना ती होते. पंप घेतला की खळखळून चूळ भरून थुंका. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा.

छत्तीसगड आणि विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. रायपुरात लोक त्याला ‘सिकलिन’ म्हणतात. या आजारात प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे संसर्गाशी लढण्याची ताकद खरंच घटते आणि दाढेच्या साध्या गळवानेही वेदनेचा झटका येऊ शकतो. घरात सिकलसेलचं मूल असेल तर दाढ किडायची वाट पाहू नका. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला आजार आधी सांगा आणि मुलाला पाणी भरपूर पाजा.

2021 च्या उन्हाळ्यातला म्युकरमायकोसिस आपण विसरू नये. अनियंत्रित साखर आणि स्टिरॉइड एकत्र आले, आणि वरच्या जबड्यातली बुरशी अनेकांना जबडा, डोळा आणि जीव गमवायला लावून गेली. साखर बेफाम असलेल्या किंवा स्टिरॉइड घेणाऱ्या माणसाचे वरचे दात अचानक हलू लागले, गाल बधिर झाला, नाकातून काळपट स्राव आला तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं, दवाखान्यांच्या फेऱ्या मारायच्या नाहीत.

डॉक्टरकडे जाताना

दोन आठवड्यांत न भरलेली जखम, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत गाठ, बोटं न मावणारं तोंड: यांपैकी काहीही असेल तर थांबू नका. रायपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, टाटीबंधला एम्स आहे, मेकाहारा म्हणून ओळखलं जाणारं आंबेडकर रुग्णालय आहे. विदर्भातल्यांसाठी नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, काढ्यांची आणि चूर्णांची नावंसुद्धा, शेवटची एचबीए1सी आणि जखम कधी दिसली त्याची तारीख सोबत घ्या. सुपारी-तंबाखूबद्दल खरं सांगा. सोडायची असेल तर 1800-11-2356 या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य मदत मिळते.

डॉक्टर बायोप्सी म्हणाले तर लगेच हो म्हणा. पांढरी जाळी, पेम्फिगस आणि कर्करोगाची सुरुवात डोळ्यांना कधीकधी सारखीच दिसते. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्याशिवाय फरक कळत नाही. ‘सुरी लागली की रोग पसरतो’ या भीतीने लोक महिनोन्महिने घालवतात. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. तो न काढता घालवलेल्या महिन्यांत मात्र पसरतो.